कामावर असलेला किनारा

मुंबईचा पश्चिम किनारा पाहायला कुणाला काही करावं लागत नाही. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलं की समुद्र समोर असतो. पूर्वेचा किनारा तसा नाही. कुलाब्याच्या ससून डॉकपासून शिवडीच्या खाजणापर्यंत रस्त्याने जेमतेम दहा-बारा किलोमीटर भरेल एवढी ही पट्टी. पण नौदलाचं आवार, गोदीच्या भिंती, पोलादी फाटकं आणि गोदामांच्या रांगा यांच्याआड ती इतकी झाकली गेली आहे, की शहरात जन्म काढलेल्या माणसालाही तिथे पाणी नेमकं कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. आज याच जमिनीचं पुढे काय करायचं यावर आराखडे होत आहेत. माझं म्हणणं असं, की जो किनारा नागरिकांनी कधी पाहिलाच नाही, त्याच्याबद्दल त्यांना मत देता येत नाही. आणि तो किनारा पाहण्याचं, समजून घेण्याचं आणि त्याची नोंद ठेवण्याचं सर्वांत योग्य साधन म्हणजे एक साधी मोटारसायकल आणि एक छोटा कॅमेरा. यात छंदाचा आनंद आहेच, पण त्याहून मोठं काम आहे ते साक्षीदाराचं.

हा किनारा निसर्गाने दिलेला नाही; तो कामासाठी बांधून काढलेला आहे. ससून डॉक १८७५ मध्ये अल्बर्ट ससून यांनी बांधला आणि चारच वर्षांत सरकारने तो विकत घेतला. त्याआधी १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली होती. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला. त्याच्या खोदकामात चिखलाखाली उभ्याच्या उभ्या खैराच्या झाडांचं बुडालेलं जंगल सापडलं होतं. मग व्हिक्टोरिया डॉक आला आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी. आधीच्या दोन गोद्यांत जहाज घ्यायचं तर भरतीची वाट पाहावी लागे. या नव्या गोदीला दुहेरी दरवाजांचं लॉक असल्याने जहाज कोणत्याही वेळी आत येऊ लागलं. मोठ्या उधाणाला पाच मीटरच्या आसपास चढउतार होणाऱ्या बंदरात ही क्रांतीच होती. त्या गोदीतून निघालेल्या मातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली आणि जॉर्ज विटेट यांनी तिच्या इमारतींना एकसारखा चेहरा दिला. त्याच सुमारास बंदराची स्वतःची रेल्वे धावू लागली, माझगाव-शिवडीच्या भरावावर धान्याच्या आणि कापसाच्या वखारी आल्या. गोदी, रूळ, वखार, बाजार आणि गिरणी हे सगळे एकाच साखळीचे दुवे होते. ती साखळी किती घट्ट होती हे १४ एप्रिल १९४४ ला दिसलं. व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले आणि गोदीबाहेरच्या वस्त्याही जळाल्या. देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा दिन हा त्याच तारखेचा.

आजचं चित्र गुंतागुंतीचं आहे. १९८९ मध्ये पलीकडच्या तीरावर न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनरचा व्यवसाय तिकडे गेला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या कंटेनरच्या नव्या योजनेसाठी भराव टाकून बुजवल्या गेल्या. यावरून अनेकांनी ठरवून टाकलं, की पूर्व किनारा संपला. पण पहाटे ससून डॉकवर उभं राहिलं तर हे विधान टिकत नाही. ट्रॉलर लागतात, टोपल्या हातोहात वर येतात, बर्फाचा चुरा होतो, लिलाव पुकारले जातात, कोळणी माल उचलतात आणि बायकांचे घोळके कोळंबी सोलायला बसतात. भाऊच्या धक्क्यावर एकीकडे मासळी उतरते, दुसरीकडे मोरा आणि रेवसच्या लाँचला माणसं धावत असतात. माझगाव डॉकमध्ये युद्धनौका आणि पाणबुड्या बांधल्या जातात. १९७२ ची ‘निलगिरी’ ही फ्रिगेट इथलीच. त्याच्या उत्तरेला दारूखान्यात उलटा उद्योग चालतो. उधाणाच्या भरतीला जुनं जहाज चिखलात जितकं वर येईल तितकं आणायचं आणि मग ते गॅसकटरने कापत जायचं. मागच्या गल्ल्यांत त्याच जहाजांच्या साखळ्या, नांगर, पत्रे आणि दोरखंड विकायला मांडलेले असतात. जहाज बांधणारी आणि जहाज मोडणारी जागा थोड्याच अंतरावर असावी, ही गोष्ट नकाशावर कळत नाही; एकापाठोपाठ एक पाहिली तरच कळते.

इथेच मोटारसायकलचा मुद्दा येतो. पूर्व किनाऱ्याची रचना फणीसारखी आहे. पी. डिमेलो रोड आणि पुढे रे रोड हा तिचा कणा. त्यातून पाण्याकडे जाणारे आखूड रस्ते म्हणजे दात, आणि बहुतेक दातांच्या टोकाला एकेक बंदर किंवा एकेक फाटक. लकडी बंदर, कोळसा बंदर, ‘हे’ (इंग्रजीत सुकं गवत) बंदर या नावांनीच तिथे काय उतरत असे ते कळतं. एका दाताच्या टोकावरून दुसऱ्याच्या टोकावर थेट जाता येत नाही. प्रत्येक वेळी कण्यावर परत यावं लागतं. चारचाकी इथे ट्रेलर आणि मालट्रकच्या रांगेत अडकते, वळायला जागा मिळत नाही आणि काचेआडून ना मासळीचा वास येतो ना छिन्नीचा आवाज. शंभर-सव्वाशे सीसीची हलकी बाईक पाय टेकवून जागच्या जागी फिरवता येते, हातगाडीच्या बाजूने निघते आणि टपरीच्या कडेला कुणाची वाट न अडवता उभी राहते. शिवाय ती इथल्या रस्त्याला परकी नाही. गोदी कामगार, मासळीचे व्यापारी, भंगारवाले, कुरिअरवाले याच गाड्यांवर येतात. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांच्यातलं अंतर वाहनानेच थोडं कमी होतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की एखादी जागा खरी समजते ती पायी फिरून. हे तत्त्व मला मान्य आहे आणि ससून डॉक किंवा दारूखान्याच्या आत बाईकवरून फिरणं चुकीचंच आहे; तिथे गाडी बाहेर लावून चालावं. पण या किनाऱ्याचं वैशिष्ट्य एकेका जागेपेक्षा जागांच्या परस्परसंबंधात आहे. पहाटेचा मासळी लिलाव, सकाळची भाऊच्या धक्क्यावरची गर्दी आणि दुपारच्या ओहोटीतलं शिवडीचं खाजण एकाच दिवशी पाहिलं तर भरती-ओहोटीचं एकच घड्याळ सगळ्यांना कसं चालवतं ते उमगतं. पायी चालणाऱ्याला मधले लांबलचक भिंतींचे पट्टे दमवतात आणि घड्याळ पुढे निघून जातं. हार्बर लाइन समांतर धावते, पण तिची स्थानकं शहराच्या बाजूला आहेत. पूर्व मुक्तमार्गावरून जाणाऱ्याला या जगाची फक्त छपरं दिसतात. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीच्याच खाजणावरून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. दुचाकीवाल्याला खाडी ओलांडायची तर भाऊच्या धक्क्याशेजारून २०२० पासून सुटणारी मांडव्याची रो-रो बोट आहे. ती बाईकही घेते आणि तिच्या डेकवरून सबंध पूर्व किनारा एका सलग रेषेत दिसतो. पुलावरून वेगाने जाणाऱ्यापेक्षा बोटीतल्या माणसाला बंदर जास्त कळतं.

छायाचित्रणाच्या दृष्टीनेही या किनाऱ्याचे स्वतःचे नियम आहेत. इथे सूर्य पाण्यावर उगवतो आणि शहरामागे मावळतो, त्यामुळे धक्क्याच्या समोरच्या बाजूवर उजेड सकाळी पडतो. दुपारनंतर गोदामांच्या सावल्या पाण्याकडे लांबत जातात. घड्याळाच्या आधी भरतीचं कोष्टक पाहावं. शिवडीचे रोहित पक्षी पूर्ण भरतीला दूर पांगतात आणि पूर्ण ओहोटीला चिखलाच्या पार टोकाला जातात. भरतीच्या आगेमागे दोन-तीन तास ते किनाऱ्याजवळ असतात. उधाण (मोठी भरती) आणि भांग (कमी चढउताराची भरती) यांतला फरक तर बोटींच्या लागण्यातही दिसतो. साधन जितकं थोडं तितकं चांगलं: एक कॅमेरा, एक पस्तीस मिलिमीटरची लेन्स, छातीशी बांधलेली पिशवी. मोबाइल हँडलला अडकवून चित्रण करण्याचा मोह टाळावा; शक्तिशाली मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनाने कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते असा इशारा अ‍ॅपल कंपनीने २०२१ मध्ये दिला होता. आणि चालवताना चित्रण नकोच. बंदर रेल्वेचे जुने रूळ जिथे रस्त्यात गाडले गेले आहेत तिथे ते काटकोनात ओलांडावे लागतात, पावसाळ्यात तेल सांडलेला रस्ता निसरडा होतो, आणि ट्रेलरचालकाला बाजूची बाईक दिसेलच याची खात्री नसते.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो गंभीर आहे. नौदलाची गोदी, युद्धनौका बांधणारं आवार, तेलाच्या टाक्या ही संरक्षित ठिकाणं आहेत. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा त्यांच्या छायाचित्रणाबाबत कडक आहे. फाटकावर फोटोबंदीची पाटी असेल तर कॅमेरा पिशवीत जायला हवा, आणि रो-रोवरूनही नौदलाच्या जहाजांवर रोखला जाऊ नये. यात पळवाटा शोधणाऱ्याने हा छंद सोडून द्यावा. पण या बंधनामुळे किनाऱ्याची नोंदच अशक्य होते हे खरं नाही. सार्वजनिक रस्ते, प्रवासी धक्के, टपऱ्या, वखारींच्या दर्शनी भिंती, शिवडीचा किल्ला आणि परवानगी घेऊन मासळी बाजार, एवढं क्षेत्र एका माणसाला वर्षानुवर्षं पुरेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: घामाने निथळणारी माणसं आणि गंजलेलं लोखंड यांची सुंदर चित्रं काढणं म्हणजे दुसऱ्याच्या कष्टांचा देखावा करणं नव्हे का? होऊ शकतं, आणि पुष्कळदा होतंही. पडक्या गोदामासमोर बाईक उभी करून काढलेला फोटो किनाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. याला उत्तर एकच, कॅमेरा कामावर ठेवायचा. टोपली कुठून कुठे जाते, साखळी कोण तोलतो, पत्रा कापताना पाय कुठे ठेवतात, पगडीसारखं गुंडाळलेलं फडकं ओझं कसं पेलतं, हे चित्रात आलं तर माणूस देखाव्याची वस्तू राहत नाही, तो जाणकार दिसतो. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रं काढली त्यांची ताकद हीच आहे. ती दया मागत नाहीत, कामाची अवस्था दाखवून जाब विचारतात. विचारून फोटो काढणं, नकार मिळाला तर थांबणं, पुढच्या खेपेला छापील प्रत नेऊन देणं, ही या कामाची किमान सभ्यता आहे. ज्या रस्त्याला प्लॅसिड डिमेलो या गोदी कामगारांच्या नेत्याचं नाव आहे, त्या रस्त्यावर तेवढी अपेक्षा जास्त नाही.

शेवटचा आक्षेप असा, की हे सगळं घाणेरडं, धोकादायक आणि कालबाह्य आहे; ते जाऊन तिथे बागा, फेरफटक्याचे रस्ते आणि खुला समुद्रकाठ आला तर शहराचं भलंच होईल. यातला अर्धा भाग खरा आहे. दारूखान्यातलं काम जिवावरचं आहे, खाडीचं पाणी विषारी झालं आहे आणि मोकळ्या जागेला मुकलेल्या मुंबईला किनारा मिळायलाच हवा. २०१४ मध्ये राणी जाधव समितीने या जमिनीचा विचार सुरू केला. त्यानंतर पोर्ट ट्रस्टला तिथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं, आराखड्याचा मसुदा निघाला आणि बॅलार्ड पिअरवर क्रूझ टर्मिनलही उभं राहिलं. माझा विरोध बदलाला नाही. पण आराखड्याच्या कागदावर ही जमीन हेक्टरात मोजली जाते आणि त्यात कोळंबी सोलायची जागा, बर्फ उतरवायची जागा, जाळं वाळवायची जागा दिसत नाही. गिरणगावाच्या जमिनीबाबत हेच घडलं: गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले, आणि कामाची नोंद उरली ती प्रामुख्याने कामगारांच्या आठवणींत. पूर्व किनाऱ्याबाबत अजून वेळ आहे. पोर्ट ट्रस्टने, म्हणजे आजच्या बंदर प्राधिकरणाने, ठरावीक दिवशी, ठरावीक मार्गांवर नागरिकांना रीतसर प्रवेश आणि छायाचित्रणाची परवानगी द्यावी, आणि त्यातून आलेली तारीखवार, ठिकाणवार छायाचित्रं एका सार्वजनिक संग्रहात जमा व्हावीत. आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा लोकांच्या हातात असा पुरावा असला, तर कोणता धक्का प्रवाशांना खुला करायचा आणि कोणता कोळ्यांकडेच राहू द्यायचा, हा निर्णय पाहिलेल्या माणसांचा होईल. बाईकवर कॅमेरा घेऊन निघणाऱ्या शेकडो मराठी तरुणांनी आठवड्याची एक सकाळ घाटाऐवजी या किनाऱ्याला दिली, तर हा पुरावा काही वर्षांत उभा राहू शकतो.