शेतकऱ्याचें संगणकावरील टपालदप्तर

शेतीचा धंदा जितका नांगराचा तितकाच कागदाचाही आहे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पीककर्जासंबंधीं बँकेचें पत्र, ठिबक संचाचें दरपत्रक, माती-परीक्षणाचा अहवाल, निर्यातदाराची मागणी, संस्थेच्या सभेची नोटीस हीं सर्व पूर्वीं पाकिटांतून येत. आतां त्यांपैकीं पुष्कळशीं ई-मेलनें येतात. पाकीट ओसरीवर पडलें तर तें येतांजातां दृष्टीस पडतें. ई-मेलचें तसें नाहीं. मुदत मात्र दोहोंसही सारखीच लागू असते.

ह्या बाबतींत कायदा काय म्हणतो तें प्रथम पाहूं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याच्या कलम १३ अन्वयें, उभय पक्षांत निराळा करार नसेल, तर ज्यानें अशीं पत्रें घेण्यासाठीं ठराविक संगणकीय ठिकाण नेमून दिलें आहे त्यास तें पत्र त्या ठिकाणीं दाखल होतांच पोंचलें असें धरलें जातें. तें त्यानें केव्हां वाचलें हा प्रश्न निराळा. तेव्हां अर्जावर आपला ई-मेल पत्ता लिहून देणें म्हणजे आपल्या दारास टपालपेटी लावणें होय, व ती नित्य उघडण्याची जबाबदारी आपणांवरच येते.

पुष्कळ मंडळी हीं पत्रें मोबाइलवर पाहतात. किरकोळ निरोपास तें पुरे आहे. परंतु बँकेस उत्तर लिहितांना तिचें मागील पत्र व आपला जुना अर्ज हीं दोन्हीं समोर ठेवावयाचीं असतील, तर तेवढ्याशा पडद्यावर तें साधत नाहीं. कचेरींतला कारकून एका बाजूस आलेला कागद, दुसऱ्या बाजूस जुनें प्रकरण व मधोमध कोरा कागद घेऊन मसुदा करतो. तशीच सोय करून देणारें 'क्लॉज मेल' नांवाचें एक मोफत सॉफ्टवेअर आहे. जपानांतील हिरोयुकी यामामोतो यांनीं रचलेल्या 'सिल्फीड' या सॉफ्टवेअरच्या आधारें त्याचें काम २००१ सालीं सुरू झालें, व २००६ सालीं त्यास हल्लींचें नांव मिळालें. तें लिनक्स व विंडोज या दोन्हीं प्रणालींवर चालतें. त्याची घडण हलकी असल्यामुळें थोड्या मेमरीच्या जुन्या संगणकावरही तें चटकन उघडतें. मात्र त्या संगणकाची मूळ प्रणाली अद्ययावत असावी.

मांडणीची रीत अशी. सॉफ्टवेअर प्रथम उघडतांच तें क्रमानें प्रश्न विचारतें : आपलें नांव, ई-मेल पत्ता, येणाऱ्या टपालाचा सर्व्हर व जाणाऱ्या टपालाचा सर्व्हर. येणाऱ्या टपालाच्या मुख्य पद्धती दोन आहेत. 'पॉप' पद्धतीनें पत्रें आपल्या संगणकांत उतरवून घेतलीं जातात. 'आयमॅप' पद्धतीनें तीं सर्व्हरवरच राहतात व घरचा संगणक आणि मुलाचा मोबाइल दोहोंवर सारखींच दिसतात. एकच खातें घरांतील दोघांनीं पाहावयाचें असेल तर आयमॅप पत्करावें. जीमेलचें खातें असल्यास आयमॅपसाठीं ९९३ व जाणाऱ्या टपालासाठीं ४६५ हा पोर्ट क्रमांक द्यावा, आणि दोन्हीं ठिकाणीं एसएसएल ही संरक्षित जोडणी निवडावी. तेथें खात्याचा नेहमींचा पासवर्ड चालत नाहीं. खात्यावर आधीं द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा निराळा 'ॲप पासवर्ड' काढून घ्यावा व तो येथें भरावा. तो कोणासही सांगूं नये.

मुख्य खिडकींत डावीकडे टपालाचे कप्पे, वर पत्रांची यादी व खालीं निवडलेलें पत्र दिसतें. यादींतील पत्रावर दोनदां टिचकी मारली कीं तें स्वतंत्र खिडकींत उघडतें. दुसरें पत्र दुसऱ्या खिडकींत, व उत्तराचा मसुदा तिसरींत. तीनही खिडक्या शेजारीं मांडून आंकडा आंकड्याशीं ताडून पाहतां येतो. कर्जाच्या बाकींत वा मालाच्या वजनांत फरक असेल तर तो असाच सांपडतो.

कप्पे आपणच करावे : बँक, विमा, संस्था, मालविक्री. 'फिल्टरिंग' या सोयीनें अमुक पत्त्यावरून आलेलें पत्र अमुक कप्प्यांत आपोआप जाईल असा नियम घालतां येतो. परंतु ज्या पत्रांस मुदत असते त्यांचा कप्पा रोज उघडावा, नाहींतर व्यवस्थेमुळेंच पत्र दडून राहील. तसेंच सर्व्हरनें 'स्पॅम' म्हणून बाजूस टाकलेलीं पत्रेंही आठवड्यांतून दोनदां चाळावीं. कामाचा कागद तेथें जाऊन पडणें दुर्मिळ नाहीं.

आणखी एक गुण सांगण्याजोगा आहे. हें सॉफ्टवेअर निराळें पूरक साधन जोडल्याविना पत्राची भपकेबाज मांडणी दाखवीत नाहीं, साधा मजकूर दाखवितें. पत्रांत छापलेला दुवा एक व त्यामागील खरा पत्ता दुसराच असेल, तर टिचकी मारतांना तें इशारा देतें. बँकेच्या नांवानें येणाऱ्या लबाड पत्रांपासून हा मोठाच बचाव आहे. तथापि इशारा आला नाहीं म्हणून पत्र खरें असें मानूं नये. पैशाची मागणी असेल तर शाखेंत जाऊन खात्री करावी.

शेवटची गोष्ट जतनाची. उपर्युक्त कायद्याच्या कलम ७ प्रमाणें, जो दस्तऐवज कायद्यानें राखून ठेवावयाचा तो संगणकीय स्वरूपांत राखल्यास तो मूळ स्वरूपांत किंवा त्याच्याशीं तंतोतंत जुळणाऱ्या स्वरूपांत असावा, पुढें पाहतां यावा, व कोणाकडून, कोणास, केव्हां आला हा तपशील त्यासोबत असावा. पत्राचा नुसता छापील कागद काढल्यानें हा सर्व तपशील हातीं राहत नाहीं. क्लॉज मेलच्या स्थानिक टपालपेटींत प्रत्येक पत्राची एक स्वतंत्र फाइल असते. आयमॅप वापरणाऱ्यानें महत्त्वाचीं पत्रें ह्या पेटींत नकलून घ्यावीं, आणि महिनाअखेरीस तिची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून सातबाऱ्याच्या कागदांसोबत ठेवावी.

दिवसाची एक वेळ नेमून, मग ती सकाळची धार काढल्यानंतरची असो वा रात्रीच्या जेवणापूर्वींची, पंधरा मिनिटें ह्या दप्तरास द्यावीं. आलेलें वाचावें, मुदतीचें टिपून ठेवावें, व उत्तर मागितलें असेल तर तें त्याच बैठकींत लिहावें. बांधावरची तक्रार बांधावरच मिटत नसेल, तर ती कागदावर जिंकावी लागते. आणि कागद ज्याच्याजवळ वेळेवर व शाबूत सांपडतो त्याची बाजू बळकट राहते.