नोटेवरचे वचन आणि पाचाडची कसोटी

मे 1674 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबई बेटावरून रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला आला, तेव्हा शिवाजी महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडी गेले होते आणि वकिलाला पाचाडातच मुक्काम करावा लागला. त्याच्या मागण्यांत एक कलम नाण्यांचे होते. 1661 च्या विवाहकराराने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडे आले होते. 1668 मध्ये ते सालाना दहा पौंडांवर कंपनीला मिळाले आणि 1672 मध्ये कंपनीने तिथे टांकसाळ घातली. ही नवी नाणी स्वराज्यात चालावीत, अशी इंग्रजांची इच्छा होती. महाराजांनी हे कलम अनावश्यक ठरवले. कोणत्याही नाण्याला आपली बंदी नाही, पण ज्यात रयतेला तोटा होईल ते नाणे घेण्याची सक्तीही तिच्यावर करता येणार नाही. कस आणि वजन मोगलांच्या नाण्याइतके चोख असेल तर ते खुशाल चालेल, असा त्या उत्तराचा आशय ऑक्झेंडनच्याच वृत्तांतात आहे. नाण्यावर छाप राजाचा असला तरी ते चालवायचे की नाही हे घेणारा ठरवतो, हे त्यात मान्य केलेले आहे. वसाहतकाळातल्या मुंबईच्या नोटा जमवणाऱ्यानेही हीच कसोटी हाती घ्यावी, असे मला वाटते. नोट किती दुर्मीळ, किती करकरीत, हे नंतर पाहावे. ती कोणी, कुठवर आणि कशाच्या भरवशावर घेतली, हे आधी पाहावे.

नाण्याला ही कसोटी लावणे सोपे होते. शिवराई तांब्याची आणि होन सोन्याचा; सराफ वजन करी, कस पाही आणि बट्टा ठरवी. कागदाला कस नसतो, त्यावर असते ते वचन. 1840 मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेच्या नोटा हे एका बँकेचे वचन होते. 1861 च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला आणि कलकत्ता, मुंबई व मद्रास ही चलनाची परिमंडळे झाली. पुढे त्यांत नागपूर, अकोला, कारवार, कराची अशी भर पडली. नोट आपल्या परिमंडळापुरतीच कायदेशीर चलन होती. मुंबईची नोट कलकत्त्याच्या व्यापाऱ्याने घ्यावी, असे बंधन त्याच्यावर नव्हते. वचन बलाढ्य साम्राज्याचे, पण त्याची हद्द आखलेली. ही हद्द हळूहळू पुसली गेली: 1903 मध्ये ब्रह्मदेश वगळता पाच रुपयांची नोट सर्वत्र चालू लागली, 1910 मध्ये दहा आणि पन्नासची, 1911 मध्ये शंभराची. म्हणून जुन्या नोटेवरचे परिमंडळाचे नाव हा किरकोळ तपशील समजू नये. तो काढून टाकला तर त्या नोटेचा निम्मा इतिहास जातो.

दुसरा पुरावा कापलेल्या नोटांचा. टपालात चोरी होईल या भीतीने व्यापारी मोठ्या रकमेची नोट मधोमध कापत, एक अर्धा तुकडा आधी धाडत आणि तो पोचल्याचे कळले की दुसरा. घेणारा दोन्ही तुकड्यांवरचे क्रमांक ताडून पाही. अशी जोडलेली नोट आजच्या बाजारात सदोष ठरते, तरी लोकांनी त्या वचनाचा वापर किती सावधपणे केला हे तिच्याइतके स्वच्छ दुसरे काही सांगत नाही. पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण झाली आणि 1917 च्या नोव्हेंबरात एक रुपयाची नोट निघाली. तिच्यावर रक्कम आठ भाषांत छापावी लागली. ज्याच्या हाती आजवर खणखणीत रुपया होता, त्याच्या भाषेत बोलल्याशिवाय कागद त्याच्या गळी उतरणार नव्हता.

इथे कथा पुन्हा पाचाडच्या वाटेवर येते. महाडहून पाचाडकडे येताना लागणाऱ्या नाते गावी 14 जानेवारी 1896 रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. 11 ऑगस्ट 1943 रोजी ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या नोटांवर त्यांची सही आली. बँकेचे मुख्यालय 1937 पासून मुंबईतच होते. त्या काळात ब्रिटनचा भारतातला युद्धखर्च इथे रुपयांत भागवला जाई आणि त्याची भरपाई लंडनमध्ये पौंडपावन्यांच्या रूपाने साठत राही. नोटा भराभर वाढल्या, महागाईही वाढली. देशमुखांच्या सहीच्या पाच-दहा रुपयांच्या नोटा आजही तुलनेने सहज मिळतात, म्हणून संग्राहक त्यांच्यापुढे फारसा थांबत नाही. पण त्या एवढ्या विपुल आहेत हाच युद्धकाळाचा पुरावा आहे. पुढे कुलाब्याचे खासदार आणि केंद्रीय अर्थमंत्री असलेल्या याच देशमुखांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले.

रायगडाच्या छायेत शिवराई जपावी, परक्या राजाचे मुखवटे कशाला, असा आक्षेप येईल. त्यामागची भावना खरी आहे आणि शिवराईचा मान पहिलाच. मात्र आपले पूर्वज त्या राज्यात दोन-चार पिढ्या व्यवहार करत जगले. त्यांनी घडी घालून कनवटीला लावलेला कागद फेकला तर पुसली जाते ती त्यांची खूण, राजाची नव्हे. दुसरा आक्षेप जाणकारांचा: मळक्या, फाटक्या नोटेला मोल नाही. लिलावापुरते ते बरोबर आहे, कारण तिथे किंमत ठरवायला काहीतरी समान माप लागते. अभ्यासाला मात्र घडी, शाईचा आकडा, टाचणीचे भोक हीच सामग्री असते. तिसरा आक्षेप असा की हे काम संग्रहालयांवर सोडावे. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला 1980 मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, आणि दोन्हींचे काम मोलाचे आहे. परंतु अमुक नोट पोलादपूरच्या कोणत्या पेढीत होती, हे फक्त तिथले घर सांगू शकते.

आणि वेळ थोडा आहे. तांब्याची शिवराई तीनशे वर्षे मातीत राहूनही हाती येते. कागद एका पुरात जातो. जुलै 2021 मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले होते. ज्यांच्या ट्रंकेत अशी नोट उरली असेल त्यांनी तिला चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये तापवून बंद करू नये, इस्त्री फिरवू नये. आम्लरहित कागदात सपाट ठेवावी आणि सोबत चिठ्ठीवर लिहावे: कोणाची, कुठे सापडली, कोणत्या व्यवहारातली. ती चिठ्ठी नसेल तर उरतो तो नुसता छापील कागद.