चार घरे, एक स्वातंत्र्य

संख्याशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर ‘स्वातंत्र्यमात्रा’ असा शब्द लिहिला, पुढे ‘एन वजा एक’ मांडले आणि घंटा झाली. परीक्षेपुरते मीही ते पाठ केले. पण प्रात्यक्षिकाच्या वहीतला माझा अख्खा निष्कर्ष लाल शाईने खोडला गेला, तेव्हा हे ‘एक’ वजा का होते ते पाहणे भाग पडले.

पाच संख्या घ्या; अट एकच, सरासरी 12 यावी. पहिल्या चार तुमच्या मर्जीच्या: 10, 15, 8, 14. पाचवीला मर्जी उरत नाही. बेरीज 60 हवी, म्हणून ती 13 च. सरासरीपासूनची अंतरे -2, 3, -4, 2 आणि 1, बेरीज शून्य. म्हणजे चार अंतरे कळली की पाचवे नवे काहीच सांगत नाही. शिवाय नमुन्याच्या स्वतःच्या सरासरीपासून मोजलेल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान येते. खऱ्या सरासरीपासून मोजली असती तर सहसा मोठी आली असती. ही तूट भरून निघावी म्हणून 34 ला 5 ने न भागता 4 ने भागायचे. प्रचरण 8.5.

माझी चूक पुढची. ‘काय-वर्ग’ कसोटी. (हे नाव प्रथम ऐकले तेव्हा मागच्या बाकावरून ‘काय?’ असा प्रश्न आलाच होता!) उदाहरणात वसतिगृहातले 50 आणि घरून येणारे 50 विद्यार्थी होते. पहिल्या तासाला उशिरा येणारे अनुक्रमे 31 आणि 19, वेळेवर येणारे 19 आणि 31. काय-वर्ग आला 5.76. घरे चार, एकूण संख्या ठरलेली, म्हणून मी मात्रा धरल्या तीन. पाच टक्के पातळीला कोष्टकात 7.82. ‘फरक योगायोगाचा असू शकेल’ असे लिहून वसतिगृहवासीयांना मी निर्दोष सोडले!

पण आडव्या-उभ्या बेरजाही ठरलेल्या आहेत ना? एका घरात 31 लिहा. उरलेली तीन आपोआप भरतात. मात्रा एकच. तिची मर्यादा 3.84, आणि 5.76 तिच्या बरेच पलीकडे. निष्कर्ष उलटा.

समाधान एवढेच, की या चुकीत मला सोबत मोठी मिळाली. 1900 साली ही कसोटी देणारे कार्ल पिअर्सन अशा कोष्टकाला तीनच मात्रा धरत. 1922 मध्ये रोनाल्ड फिशर यांनी ‘एक’ म्हणून दाखवले. पिअर्सन यांनी ते मानले नाही, उलट जाहीर टर उडवली. 1926 मध्ये फिशर यांनी सुमारे 12 हजार कोष्टकांची आकडेवारी पुढे ठेवली. काय-वर्गाची सरासरी त्याच्या मात्रांइतकी असते. म्हणजे पिअर्सन बरोबर असते तर ती 3 च्या आसपास यायला हवी होती. ती आली जवळजवळ तंतोतंत 1. आणि ही कोष्टके तयार केलेली होती पिअर्सन यांच्याच मुलाने, एगॉनने.