समुद्रास भिऊन डोंगरावर बसलेलें गांव

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याचें नांव निघालें कीं आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें धनिकांच्या नौका, मोनॅकोचीं द्यूतगृहें आणि चित्रपटांचे सोहळे उभे राहतात. हें सर्व तेथें आहे. नाहीं असें नाहीं. परंतु त्याच किनाऱ्यावर, नीस शहराच्या पूर्वेस सुमारें १२ किलोमीटरांवर, एका सुळक्याच्या माथ्यावर एझ नांवाचें एक लहानसें जुनें गांव आहे. मुलाच्या आग्रहावरून गेल्या वसंतांत आमचें तिकडे जाणें झालें, तेव्हां आम्हीं इतर स्थळें थोडक्यांत आटोपलीं आणि या एका गांवाच्या भोंवतीं चार दिवस घालविले. त्याचा वृत्तांत येथें देत आहों.

प्रथम भूगोल सांगितला पाहिजे. आल्प्स पर्वताचे शेवटचे डोंगर येथें थेट भूमध्य समुद्रांत उतरतात. मध्यें सपाट जमीन अशी जवळजवळ नाहींच. त्यामुळें नीसहून इटलीच्या सरहद्दीकडे जाणारे तीन रस्ते एकावर एक असे डोंगराच्या अंगावर कोरलेले आहेत. सर्वांत वरचा नेपोलियनच्या कारकीर्दींतला. सर्वांत खालचा पाण्याच्या कडेनें जाणारा. आणि मधला १९२८ मध्यें पुरा झालेला. या मधल्या रस्त्याच्या अंगास लागूनच एझचा सुळका उठला आहे. त्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें ४३० मीटर, म्हणजे चौदाशें फुटांहून थोडा अधिक. बस गांवाच्या वेशीपर्यंत जाते. पण डोंगरावरील गांव पायीं चढून गेल्याखेरीज कळत नाहीं, असा आमचा हट्ट. म्हणून आगगाडीनें आम्ही समुद्रकांठच्या एझ स्टेशनावर उतरलों. ही गाडी १८६८ मध्यें मोनॅकोपर्यंत पोंचली, तेव्हांपासून किनाऱ्याचें सर्व रूपच पालटलें.

स्टेशनासमोरून निघणाऱ्या पायवाटेस नीट्शे या जर्मन तत्त्वज्ञाचें नांव आहे. १८८३ पासून पांच हिवाळे तो प्रकृतिस्वास्थ्यासाठीं नीस येथें येऊन राहत असे. जरथुष्ट्राच्या मुखानें बोललेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या तिसऱ्या भागांतील एक महत्त्वाचें प्रकरण ही चढण चढतांना सुचलें, असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. संस्कृताच्या विद्यार्थ्यास या गृहस्थाविषयीं थोडें ममत्व आणि थोडा राग, दोन्ही वाटल्यावांचून राहत नाहीं. १८८१ मधील उषःकालावरील पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यानें ऋग्वेदाचा दाखला दिला. परंतु पुढें मनुस्मृतीची ओळख करून घेतली ती एका अत्यंत अविश्वसनीय फ्रेंच भाषांतरावरून, आणि त्यावर भलत्याच इमारती उभारल्या. त्याचा शाळासोबती पॉल डॉयसेन याची गोष्ट निराळी. त्यानें मूळ संस्कृतांतून वेदान्ताचा अभ्यास केला, १८९३ च्या फेब्रुवारींत मुंबईस रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढें वेदान्तावर व्याख्यान दिलें, आणि पुढें साठ उपनिषदें जर्मन भाषेंत नेलीं. शेजारीं शेजारीं बसून शिकलेले दोन विद्यार्थी. एकानें भाषा शिकण्याचे कष्ट घेतले, दुसऱ्यानें घेतले नाहींत. शाळामास्तराच्या मनांत असल्या तुलना येणारच. वाचकांनीं क्षमा करावी.

चढण मात्र विचारांस पोषक आहे खरी. चुनखडीचा पांढुरका दगड, पाइनची विरळ सांवली, उन्हानें तापलेल्या रोझमेरीचा वास, आणि प्रत्येक वळणावर खालचा समुद्र थोडा अधिक निळा व थोडा अधिक दूर. तरुण मंडळी तास-दीड तासांत वर जातात. आम्हांस अडीच तास लागले, आणि त्यांतील बराच वेळ दगडांवर बसण्यांत गेला. अशाच एका दगडावर बसून आमच्या कुटुंबानें प्रश्न केला, “एवढ्या उंचीवर राहणाऱ्या बायका पाणी कोठून हो आणीत?”

पुस्तकें वाचून गेलेल्या आमच्यासारख्यास हा प्रश्न सुचला नव्हता, हें येथें कबूल केलें पाहिजे. कारण या गांवाचा सारा इतिहास त्या एका प्रश्नांत आहे. माथ्यावर वाहतें पाणी नाहीं, नांगरास जमीन नाहीं. पावसाचें पाणी टांक्यांत सांठवावें आणि उरलेलें पाठीवर वाहून आणावें. शेतीस रोज खालच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांत उतरावें व रोज वर चढावें. हे हाल मनुष्य सुखासुखी पतकरीत नाहीं. त्याचें कारण समुद्र. नवव्या शतकाच्या अखेरीपासून पाऊणशें वर्षांहून अधिक काळ पश्चिमेकडे सांत्रोपेच्या आसमंतांत अरब चांच्यांचें ठाणें होतें. पुढें उत्तर आफ्रिकेचे चांचे येत. ते धान्य नेत, गुरें नेत, आणि माणसेंही धरून गुलाम म्हणून विकीत. आज जो समुद्र पाहण्यासाठीं लोक हजारों कोस येतात, त्याच्याकडे एझचे लोक पिढ्यानुपिढ्या केवळ धास्तीनें पाहत. क्षितिजावर शीड दिसलें कीं वेस लावून घ्यावयाची.

आणि ती वेस आजही आहे. चौदाव्या शतकांतली, जाड भिंतीची, वाकडी. आंत शिरणाऱ्यास सरळ धांवतां येऊं नये अशी. आपल्या गडांचीं नागमोडी प्रवेशद्वारें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस यांतील बेत सांगावा लागणार नाहीं. बाहेरच्या ओळींतील घरांच्या भिंती मिळून गांवाचा कोट झाला आहे. आंत गल्ल्या इतक्या अरुंद कीं दोन माणसें समोरासमोर आलीं तर एकानें अंग चोरावें. गाडी अर्थातच आंत येत नाहीं. आमच्या देखत दोन मजूर भाजीच्या पेट्या वर नेत होते व दर वळणावर थांबून श्वास घेत होते. आमच्या कुटुंबानें आमच्याकडे पाहिलें. बोलण्याचें कारण नव्हतें.

एवढा बंदोबस्त करूनही वैरी आला तो आलाच. १३८८ पासून एझ नीसबरोबर सॅव्हॉयच्या घराण्याकडे होतें. १५४३ मध्यें फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस यानें तुर्की सुलतानाशीं सख्य करून नीसवर आरमार आणविलें. त्याचा सेनापति सुप्रसिद्ध बार्बारोसा. त्या धामधुमींत एझही पडलें. पुढें १७०६ मध्यें चौदाव्या लुईनें माथ्यावरील किल्ला पाडून टाकला. आपले गड १८१८ नंतर इंग्रजांनीं ज्या हेतूनें निकामी केले, तोच हेतु. अशा रीतीनें दोनदां ज्यांच्यामुळें गांव नागवलें गेलें त्या फ्रेंचांत सामील व्हावें कीं काय असा प्रश्न १८६० च्या एप्रिलांत गांवापुढें आला, आणि एझनें एकमतानें होकार दिला! यावर भाष्य काय करावें? लोकांस आजची सोय कळते, आजोबांचा राग कळत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वरच्या रस्त्यानें ला तुर्बी येथें गेलों. तेथें ऑगस्टस बादशहाचा विजयस्तंभ आहे. आल्प्समधील टोळ्या जिंकल्याचें स्मारक म्हणून तो इ. स. पूर्व ६ च्या सुमारास उभारला. मूळची उंची सुमारें ५० मीटर. आज उरली आहे ती ३५. चौदाव्या लुईच्या सुरुंगांनीं येथेंही आपलें काम केलें आहे, आणि उरलेले दगड गांवकऱ्यांनीं घरांस व देवळास लावले. स्तंभाच्या पायाशीं जित टोळ्यांचीं चाळिसांहून अधिक नांवें एकामागून एक कोरलेलीं आहेत. तीं वाचतांना आम्हांस प्रयागच्या स्तंभावरील समुद्रगुप्ताच्या प्रशस्तीची आठवण झाली. तेथेंही अशीच जिंकलेल्या राजांची लांबच लांब माळ आहे. मात्र प्रयागचा लेख दगडावर टिकला, आणि हा फुटून त्याचे तुकडे झाले. तो पुन्हां जुळवितां आला याचें कारण असें कीं प्लिनी नांवाच्या रोमन पंडितानें तो आपल्या ग्रंथांत उतरवून ठेविला होता. हिंदुस्थानचा माल घेण्यांत रोमचें सोनें दरसाल वाहून जातें, अशी हाकाटी करणारा प्लिनी तो हाच.

तिसरा दिवस विलफ्रांश या बंदरांत गेला. त्याच्या नांवांतच ‘मोकळीक’ आहे. १२९५ मध्यें प्रोव्हान्सचा अधिपति दुसरा शार्ल यानें डोंगरांत दडून बसलेल्या लोकांस सांगितलें कीं खालीं येऊन समुद्राची राखण करा, कर माफ करतों. लोक उतरले, पण भीति बरोबर घेऊनच उतरले: पाण्याच्या अगदीं जवळ ‘अंधारी गल्ली’ म्हणून सुमारें १३० मीटर लांबीचा एक रस्ता आहे, तो सबंध घरांच्या खालून जातो. भर दुपारीं आंत दिवे लागतात. तोफांचा मारा झाला कीं सारें गांव या पोटांत शिरत असे. करमाफीनेंही जें भय गेलें नाहीं तें खरोखर संपलें १८३० नंतर, फ्रेंचांनीं अल्जीयर्स घेतल्यावर.

भय संपलें आणि डोंगरावर राहण्याचें कारणही संपलें. इटलीच्या बाजूस बुस्साना नांवाचें असेंच एक गांव होतें. १८८७ च्या २३ फेब्रुवारीच्या भूकंपानें तें ढांसळलें, तेव्हां लोकांनीं तें सोडून खालीं नवें गांव वसविलें. एझ भूकंपानें पडलें नाहीं. तें हळूहळू रितें झालें. घरटीं एकेक तरुण खालच्या आगगाडीच्या वाटेनें गेला. मग १९२८ चा रस्ता झाला आणि त्याच वाटेनें दुसरे लोक वर आले: श्रीमंत परदेशी, चित्रकार, हॉटेलवाले. पडकीं घरें त्यांनीं घेतलीं, दुरुस्त केलीं. तीं उभीं आहेत याचें श्रेय त्यांचें आहे, हें नाकारतां येणार नाहीं. आतां तळमजल्यांवर अत्तरें, चित्रें आणि साबणाच्या वड्या विकतात. किराण्याचें दुकान आम्हीं शोधलें. कोटाच्या आंत आम्हांस तें सांपडलें नाहीं.

किल्ल्याच्या अवशेषांत १९४९ पासून एक बाग आहे. माती व झाडें माणसांच्या पाठीवरून वर गेलीं. झाडें कोणतीं, तर निवडुंग आणि आपल्या कुंपणावरची घायपात! घायपात मूळची अमेरिकेची. ती आमच्या बांधावर आली तशीच येथेंही आली. आमच्या कुटुंबानें चारी बाजूंस पाहिलें आणि आपल्या प्रश्नाचें उत्तर आपणच दिलें, “पाणी नव्हतें म्हणूनच हीं लावलीं असतील.” या बागेंतून दिसणारा देखावा अपूर्व आहे, यांत वाद नाहीं. पश्चिमेस फेर्राचें भूशिर समुद्रांत हात टाकून पसरलेलें, आणि हवा स्वच्छ असेल तर फार दूर कॉर्सिका बेटाचे डोंगर.

परत निघण्यापूर्वीं चौथ्या दिवशीं सायंकाळीं पुन्हां एकदां वर गेलों, यावेळीं बसनें. प्रवाशांच्या शेवटच्या मोटारी गेल्या होत्या. दुकानांच्या फळ्या लागल्या आणि गल्ल्यांत आमच्याच पावलांचा आवाज ऐकूं येऊं लागला. पिवळ्या भिंतीच्या चर्चपाशीं उभे राहून मुलानें गांवांतले पेटलेले दिवे मोजण्यास सुरुवात केली. हॉटेलांचे वगळले तर हाताचीं बोटें पुरलीं. एका उंच खिडकीबाहेर दोरीवर लहान मुलाचे कपडे वाळत होते. थोड्या वेळानें एका बाईनें ते आंत ओढून घेतले, आणि खिडकी लावली.