फोटो कुणाचा, चेहरा कुणाचा?

लग्नसराई जवळ आली की तालुक्याच्या गावातही ब्युटी पार्लरचे नवे फलक झळकू लागतात. त्यावर एखाद्या नटीचा नेटवरून उतरवून घेतलेला फोटो असतो, नाहीतर गेल्या वर्षी सजवलेल्या नवरीचा. ‘नेटवरचं काय, सगळ्यांचंच असतं,’ असं आपण सहज म्हणून जातो. पण मैत्रिणींनो, दिसला म्हणून फोटो फुकट होत नाही.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२व्या कलमात ‘रास्त वापरा’ची सवलत आहे. खासगी वापर किंवा अभ्यास, टीका-परीक्षण आणि चालू घडामोडींची बातमी, एवढ्यासाठी परवानगीशिवाय वापर चालतो. ब्लाउजचा गळा शिकायला नटीचा फोटो वहीत चिकटवलात, तर हरकत नाही. महिला मंडळाच्या अंकात फोटोंच्या प्रदर्शनाचं परीक्षण लिहिताना त्यातला एखादा फोटो छापणंही या सवलतीत बसू शकतं. अख्खं प्रदर्शनच छापलं, तर मात्र कठीण! केरळ उच्च न्यायालयाने १९९६मध्ये एका नाटकाच्या खटल्यात तीन कसोट्या लावल्या होत्या : किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि मूळ कामाशी त्याची स्पर्धा होईल का. पार्लरची जाहिरात यात बसवणं अवघडच. शिवाय खाली ‘सौजन्य’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही.

आता नवरीचा फोटो. कलम १७ सांगतं, की पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा, स्टुडिओवाल्याचा नव्हे. कित्येकींना हे ठाऊकच नसतं. पण गंमत बघा, ऑर्डर आणि पैसे वडिलांचे असतील, तर हा हक्क वडिलांकडे जातो! मग त्यांनी ‘लावा खुशाल’ म्हटलं की झालं का? नाही. कारण चेहरा तिचा आहे. संमतीशिवाय कुणाचं नाव किंवा छबी जाहिरातीत वापरली, तर त्याच्या खासगीपणाचा भंग होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्येच म्हटलं होतं. २०१७मध्ये तर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. रास्त वापराची सवलत कॉपीराइटपुरतीच असते. चेहऱ्याच्या मालकिणीला वेगळं विचारावंच लागतं.

म्हणून फोटोची ऑर्डर देताना पावतीमागच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचा. ‘शोकेसमध्ये किंवा जाहिरातीत फोटो लावू नये’ असं हवं असेल, तर तिथेच लिहून घ्या. आणि पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींनो, फोटोचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याची परवानगी घ्याच, पण नवरीलाही विचारा. तिच्या आईला किंवा नवऱ्याला नव्हे, तिलाच! तिची सही घेऊन ठेवा. फलकावरचा चेहरा सासर-माहेरचे सगळे ओळखतात. ‘तो काढा’ म्हणायला मात्र तिला बरेचदा एकटीलाच यावं लागतं.