मुलगी म्हणते, "मला कार्टून करायचंय!"

तुमच्या घरी असं एखादं लेकरू आहे का, ज्याच्या वहीची मागची पानं गणितांपेक्षा चित्रांनीच जास्त भरलेली असतात? पानांच्या कोपऱ्यात एकेक चिमणी काढायची आणि मग अंगठ्याखालून पानं भर्रकन सोडून ती चिमणी उडवून दाखवायची, असा उद्योग करणारं? असेल, तर दहावी-बारावीच्या निकालानंतर एक वाक्य तुमच्या कानावर येणार, हे धरूनच चाला. "आई, मला अ‍ॅनिमेशन करायचंय!"

मग घरात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. हे पेपरातून डोकं वर काढतात. सासूबाई विचारतात, "म्हणजे ते टीव्हीवरचं उंदीर-मांजर? त्याचे कुणी पैसे देतं होय?" आणि मग सगळे तुमच्याकडं बघायला लागतात, जणू लेकीला चित्रकलेची वही तुम्हीच आणून दिलीत म्हणून हा सगळा घोळ!

आपल्या नगरात, म्हणजे सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगरात, हा प्रश्न आता कुणा एकीचा राहिलेला नाही. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, सगळीकडच्या आया या पेचात आहेत. क्लासची फी ऐकून छाती दडपते. "पुढं नोकरी लागेल का?" या प्रश्नाला धड उत्तर देणारं माणूस नात्यात कुणी नसतं. डॉक्टर, मास्तर, बँकेतला साहेब यांचं आयुष्य कसं असतं ते आपल्याला माहीत आहे. कार्टून करणारी माणसं जगतात कशी, कमावतात काय, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्यांदा हे सांगते, की ही विद्या परदेशातून काल-परवा आलेली नाही. तिचा पहिला संसार मराठी घरातच झाला. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला १९१३ साली, हे आपण शाळेत घोकलं. पण त्याच्या आधी त्यांनी एक छोटी फिल्म घेतली होती. कुंडीत एक वाटाणा लावला, कॅमेरा समोर मांडला आणि रोज थोडी थोडी चित्रं घेतली. दाणा रुजला, कोंब आला, वेल वाढला. पडद्यावर मात्र हे सगळं डोळ्यादेखत घडताना दिसलं! एकेक चित्र थांबून घ्यायचं आणि मग ती भराभर पळवायची, अ‍ॅनिमेशनचं सगळं मर्म एवढंच आहे. पुढं १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. तिच्यात काड्यापेटीतल्या काड्यांना त्यांनी असंच एकेक चित्र घेत नाचवलं.

आणि सरस्वतीबाई? त्या काळात कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडून घ्यावी लागत. हे काम त्या रात्री दिव्याच्या उजेडात करत. फिल्म धुण्याची रसायनं कालवायला त्या शिकल्या. उन्हात पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहिल्या, शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक! अंगावरचे दागिनेही या कामी गेले. दादासाहेबांचे पुतळे उभे राहिले. या माउलीचं नाव आता आता कुठं घेतलं जाऊ लागलं आहे. असो.

आपल्या नगरशीही पडद्यावरच्या या जादूचा धागा आहे बरं का. १९४० साली 'प्रभात'ने 'संत ज्ञानेश्वर' काढला. त्यात माउलींचं काम केलं ते नगरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेल्या शाहू मोडकांनी. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेही आपल्याच जिल्ह्यातलं. त्या चित्रपटात भिंत चालू लागते तेव्हा लोक थिएटरात हात जोडत. ते दृश्य तुमच्या सासूबाईंनाही आठवेल. कार्टून नव्हे, पण डोळ्यांना फसवण्याची कारागिरी तीच. "तसली कामं करणारी माणसं असतात ना, तसंच हे," असं त्यांना सांगून बघा. निम्मा विरोध तिथंच मावळेल!

आता काम कसं चालतं ते ऐका. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं पळतात. हाताने काढताना बहुतेक वेळा एकच चित्र दोनदा वापरतात, म्हणजे सेकंदाला बारा तरी काढायचीच. सात मिनिटांच्या फिल्मला झाली पाच हजारांवर! एका माणसाने कधी पुरी करायची? म्हणून काम वाटून घेतात. कुणी गोष्ट चौकटी-चौकटीत मांडतं. कुणी मुख्य हालचालींची चित्रं काढतं, कुणी मधली भरतं, कुणी रंगवतं. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका कुरडयांना जमतात ना, एक चीक हाटते, एक साच्या दाबते, एक खाटेवर घालते, अगदी तस्सं. आणि एकीचा चीक पातळ झाला तर सगळ्यांच्याच कुरडया बिघडतात!

संगणक आला तरी वाटणी तीच राहिली. आता एकजण बाहुली घडवतो, दुसरा तिच्या आत हाडं-सांधे बसवतो, तिसरा ती चालवतो, चौथा उजेड पाडतो. नव्या मुलांना बहुधा सगळ्यात कंटाळवाणं काम मिळतं. नायक दोराला लटकून उडी मारतो ना, तो दोर चित्राचित्रातून पुसत बसायचं, किंवा माणसाची कड कापून काढायची. लेकीला वाटतं, आपण गेल्या गेल्या नवा छोटा भीम काढणार. तिला आधीच सांगा, बाई गं, पहिली दोन वर्षं दोर पुसण्यात जातील. आणि हे दोर पुसणंही आता यंत्र शिकू लागलं आहे. म्हणून नुसतं संगणकाचं बटण दाबायला शिकून भागायचं नाही. हातात चित्र हवं, आणि माणूस चालतो कसा, वाकतो कसा हे बघणारी नजर हवी.

'एक चिडिया, अनेक चिडियाँ' आठवतं? दूरदर्शनवर लागलं की पोरं जेवणावरून उठत. ती फिल्म १९७४ सालची. सरकारी फिल्म्स डिव्हिजनची. दिग्दर्शिका विजया मुळे, मुंबईत जन्मलेल्या मराठी बाई. लग्नानंतर पाटण्याला गेल्या आणि तिथं शिकल्या. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. चित्रांची बाजू सांभाळली भीमसेन यांनी आणि गाण्यातला लहान मुलीचा आवाज साधना सरगमचा. जाळ्यात अडकलेले पक्षी एकजुटीने जाळंच घेऊन उडतात, ही गोष्ट. काढणाऱ्यांचं कामही तसलंच होतं म्हणा ना!

फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग म्हणजे या धंद्याची आपल्याकडची पहिली शाळा. १९५६ साली डिस्नेच्या कंपनीत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला मुंबईत आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले राम मोहन पुढं जन्मभर इतरांना शिकवत राहिले. २०१९ साली ते गेले तेव्हा या क्षेत्रातली कितीतरी माणसं त्यांना गुरू म्हणत होती. मुंबईच्या जे. जे.मधून १९९४ साली बाहेर पडलेल्या गीतांजली राव यांनीही त्यांच्याच स्टुडिओत उमेदवारी केली. २००६ साली त्यांनी 'प्रिंटेड रेनबो' ही छोटी फिल्म स्वतःच्या हाताने चित्र-चित्र रंगवून पुरी केली. एक एकटी म्हातारी, तिचं मांजर, आणि तिने जमवलेल्या काड्यापेट्यांवरची चित्रं. ती चित्रं जिवंत होतात आणि म्हातारीला फिरवून आणतात. कान महोत्सवात या फिल्मला बक्षिसं मिळाली. फाळक्यांच्या काड्यांपासून या काड्यापेट्यांपर्यंत एक्याण्णव वर्षं झाली बघा!

पण बक्षिसांवर भाळून जाऊ नका. आता जे सांगते ते चार वेळा वाचा.

२०१३ साली 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटातल्या वाघासाठी ऑस्कर मिळालं. तो वाघ बराचसा संगणकावर घडवलेला. ते काम केलेल्या अमेरिकन कंपनीचे स्टुडिओ मुंबई-हैदराबादलाही होते. बक्षीस मिळालं त्याच महिन्यात, त्याच्या थोडं आधी, कंपनीने दिवाळं जाहीर केलं होतं! आत समारंभ चालू होता आणि बाहेर रस्त्यावर या धंद्यातले कारागीर फलक घेऊन उभे होते. बारा वर्षांनी पुन्हा तेच. डिसेंबर २०२४ मध्ये 'मुफासा'चे सिंह पडद्यावर डरकाळ्या फोडत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते घडवणाऱ्या टेक्निकलर या मोठ्या कंपनीला कुलूप लागलं. बंगळूर आणि मुंबईत हजारो मुलंमुली एका फटक्यात घरी बसली. काम वाईट झालं म्हणून नव्हे. बहुतेक कंत्राटं बाहेरच्या देशांतून येतात. तिकडे सर्दी झाली की इकडे शिंका!

म्हणून या धंद्यातली मैत्री ही चैनीची गोष्ट नाही. ती विम्यासारखी असते. गोरेगाव-मालाडला एका खोलीत चौघं राहतात. त्यातला एक आज या स्टुडिओत, दुसरा त्या. एकाचं काम सुटलं की दुसरा सांगतो, "आमच्याकडं माणसं घेतायत, तुझं काम पाठव." शेवटच्या आठवड्यात फिल्म द्यायची असते तेव्हा रात्री दोनपर्यंत जागणारी ही मुलं एकमेकांच्या जिवावरच जागतात. भाडं थकलं तर खोलीतलाच कुणी भरतो. जाहिरात पेपरात यायच्या आत जागा भरून गेलेली असते, आणि ती ओळखीनेच भरते. तेव्हा लेक फोनवर मैत्रिणींविषयी बोलत असेल तर "अभ्यासाचं बोल" म्हणून तोडू नका. कोण कुठं काम करते, ते कान देऊन ऐका.

आता फीचं. "शंभर टक्के नोकरी" असं लिहिलेल्या फलकाला आधी दुरूनच नमस्कार करा. क्लासमध्ये जाऊन विचारा की मागच्या वर्षीच्या मुलांनी केलेलं काम दाखवा, आणि त्यातल्या दोघांशी बोलणं करून द्या. टाळाटाळ झाली तर उठून या. सगळी फी एकदम भरू नका. मुलीने एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या नसतील तर त्या आधी देऊ द्या, त्यात हाताची परीक्षा स्वस्तात होते. सरकारी वाटाही आहेत. कला महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी, अहमदाबादच्या एनआयडीची प्रवेश परीक्षा, मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन शाखेसाठी यूसीड. अवघड आहेत, पण तयारी घरी बसून, रोज बाजारात जाऊन माणसांची रेखाटनं करूनही सुरू होते. २०२५ साली महाराष्ट्र सरकारने या धंद्यासाठी वेगळं धोरणही मंजूर केलं. छान झालं. पण धोरणाच्या भरवशावर पाटल्या मोडू नका. सरस्वतीबाईंनी दागिने दिले ते स्वतः रात्र-रात्र कामाला बसून, क्लासवाल्याच्या जाहिरातीवर नव्हे.

मुलगी नोकरीला लागली की नेमणुकीचं पत्र तुम्हीही वाचा. काम कायमचं की एका फिल्मपुरतं, भविष्यनिर्वाह निधी कापतात का, जादा तासांचे पैसे मिळतात का. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं आणि घरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची असते. लेकीला हे ठाऊक असू द्या. मागायला लाजू नको म्हणावं. आणि पहिल्या पगारापासून सहा महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक बाजूला पडू द्या, कारण काम सुटणार, हे धरूनच चालायचं.

लग्नाचं बघताना स्थळाकडच्यांना आडपडदा न ठेवता सांगा, की ती रात्री उशिरापर्यंत काम करते. पुढं घरून काम करायची वेळ आली तर दाराला कडी लावून बसायला एक खोली, निदान एक कोपरा लागेल, हेही सांगा. "घरीच तर असते, चित्रं काढत" असं म्हणणारं घर मिळालं तर तिचे हाल कुत्रा खाणार नाही.

तब्येतीचं म्हणाल तर मान, मनगट आणि डोळे, तिन्ही जातात. तासातासाला उठून खिडकीतून लांब बघायला सांगा. खुर्चीचे पैसे वाचवू नका.

आणि तारकपूरच्या स्टँडवर तिला मुंबईच्या गाडीत बसवाल तेव्हा शेंगदाण्याची चटणी चौघींच्या हिशेबाने द्या. डबा उघडला की ती एकटीची राहत नाही. चपात्या सुती फडक्यात बांधा, गरम असताना डब्यात भरू नका. घाम सुटतो.