लेबलवर बडोदे, गळ्यात कोल्हापूर

अल्लादिया खाँसाहेबांची एकही तबकडी नाही. १८९५पासून शाहू महाराज जाईपर्यंत, म्हणजे १९२२पर्यंत, ज्यांनी कोल्हापूरच्या दरबारात गाऊन या गावाला जयपूर घराण्याचं माहेर केलं, त्यांनी ग्रामोफोन कंपनीला कधी दाद दिली नाही. आपले अनवट राग बाजारात जातील आणि कोणीही उचलेल, ही धास्ती त्यामागे होती असं जाणकार सांगत आले. कारण काही असो, नुकसान झालं ते झालं. पण म्हणून त्या काळचं कोल्हापूर मुकं नाही. ते तीन-साडेतीन मिनिटांच्या लाखेच्या तबकड्यांत गातं आहे. फक्त त्या तबकड्यांवर दुसऱ्याच गावाचं नाव आहे.

उपेक्षित रेकॉर्डींचा नाद मला कॉलेजपासून. त्या नादात कुठकुठलं ऐकलं. मेम्फिसच्या ‘बिग स्टार’ या रॉक बँडची पहिली एलपी १९७२ची. समीक्षकांनी डोक्यावर घेतली, पण वितरणाच्या घोळात दुकानांपर्यंत धड पोचलीच नाही. ‘कुमासी ट्रायो’ने १९२८मध्ये लंडनला जाऊन गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, गिऱ्हाइकांसाठी झोनोफोनवर गाणी भरली. झोनोफोन हे आपल्या कुत्र्याच्या चित्रवाल्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्याच ग्रामोफोन कंपनीचं लेबल. गाणं कितीही अस्सल असो, ते पुढे कोणाच्या कानावर पडणार हे बऱ्याचदा कंपनीचा कागद ठरवतो, हे मला अशा रेकॉर्डींनी शिकवलं. आपल्याकडे त्याचा सर्वांत जिव्हारी लागणारा दाखला म्हणजे लक्ष्मीबाई जाधव.

बाई कोल्हापूरच्या. तालीम हैदर खाँसाहेबांची, म्हणजे अल्लादियांच्या धाकट्या भावाची. पुढे त्या बडोदे संस्थानात राजगायिका झाल्या. फैयाज खाँसाहेब ज्या दरबारचे, तिथे एका कोल्हापूरच्या बाईने आपली जागा राखणं ही लहान गोष्ट नव्हे. त्या काळी कंपन्या गायिकेच्या नावाला गाव जोडत. जानकीबाई अलाहाबादच्या, तशा लक्ष्मीबाई बडोद्याच्या झाल्या. जुन्या याद्या चाळणारा कोल्हापूरकर ‘बडोदे’ वाचून पान उलटतो, आणि आपल्याच पेठेतला आवाज मागे टाकून पुढे जातो.

त्यांचं गाणं ऐकताना घड्याळ सतत जाणवतं. आलापाला सवडच नाही. बाई मुखडा उचलतात आणि थेट समेवर येतात. घराण्याचा संथ तीनताल एवढ्या जागेत मावत नाही, म्हणून लय चढी ठेवलेली. आकार मात्र तोच, मोकळा, घसा न आवळता लावलेला. तान सरळ वर धावत नाही. वळते, मागचा स्वर पुन्हा उचलते, पुढे झेपावते आणि आपण सावरण्याआधी मुखड्यात मिसळून जाते. दोन तासांची मैफल पेलणारी विद्या तीन मिनिटांत उतरवायची तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा निवाडा आधीच झालेला असावा लागतो. बाईंचा तो निवाडा अचूक आहे. माझं मत स्पष्ट आहे: या घराण्याच्या पहिल्या फळीतल्या आवाजांत लक्ष्मीबाईंचं नाव केसरबाईंच्या शेजारी घ्यायला हवं.

केसरबाई केरकरांना जगाने डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच. लहानपणी त्याही कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या होत्या. त्यांची भैरवी ५ सप्टेंबर १९७७ रोजी व्हॉयेजर-१ यानाबरोबर अंतराळात गेली आणि अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. केसरबाई आणि लक्ष्मीबाई या दोघींना जोडणारा धागाही कोल्हापूरचाच. गायिका धोंडूताई कुलकर्णी इथे जन्मल्या, अल्लादियांचे चिरंजीव भुर्जी खाँसाहेबांकडे शिकल्या. १९५०मध्ये खाँसाहेब गेल्यावर बडोद्याहून परतलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यांना शिकवलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी केसरबाईंनी. केसरबाईंनी शिष्या म्हणून धोंडूताईंना जवळ केलं, तेव्हा त्या गळ्यात लक्ष्मीबाईंची मेहनत आधीच मुरलेली होती. हे श्रेय मोकळेपणाने दिलेलं मला क्वचितच वाचायला मिळालं.

मुंबईत १९९०पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने जुन्या तबकड्यांच्या नोंदींचं मोठं काम केलं. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसाने त्यात आयुष्याची वर्षं घातली. तरीही काही संग्राहक दुर्मीळ तबकडी कपाटाबाहेर काढत नाहीत. एकेकाळी उस्ताद चिजा लपवत. त्यांची निदान पोटापाण्याची विद्या होती. तबकडी लपवणाऱ्याला ती सबब नाही.

कोल्हापुरातल्या, इचलकरंजी-मिरजेकडच्या जुन्या घरांत माळ्यावर अजून तबकड्या असतील. भंगारवाल्याला देण्याआधी त्या एकदा खाली काढा. स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं, लेबल कोरडं ठेवायचं. एकावर एक न रचता उभ्या ठेवा. लेबल फाटलं असलं तरी त्याच्या आणि चऱ्यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला आकडा उतरवून घ्या. त्या आकड्यावरून ध्वनिमुद्रण ओळखता येतं. आणि नावापुढे बडोदे दिसलं, तर ती तबकडी आधी वाजवा.